हापूस, क्रीम आणि मारी बिस्किटांचं थरांचं पुडिंग (पाणी न सुटणारं)

लोणकढी

आंबा, क्रीम, बिस्किटं यांचे थर लावायचे आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. इतका सोपा पदार्थ, तरी दर मे महिन्यात तेच तीन प्रश्न येतात: तळाला पाणी का साचलं, क्रीम घट्ट का झालं नाही, आणि वडी कापताना लगदा का झाला. तिन्हींचं मूळ पाण्यात आहे. आंब्यात पाणी, दह्यात पाणी, दुधात बुडवलेल्या बिस्किटात पाणी. ते धरून ठेवायला नीट फेटलेलं क्रीम आणि बिस्किटाचा कोरडेपणा एवढंच हाताशी असतं. म्हणून खालचं प्रमाण वजनात आहे. वाटीने मोजाल तर तुमची वाटी आणि माझी वाटी यांत पाव किलोचा फरक पडू शकतो.

भांडं: २० सेमी चौरस, ५ सेमी खोल, काचेचं. ९ वड्या होतात.

व्हिपिंग क्रीम (दुधाचं, ३५ टक्के फॅट) ४०० मिली
चक्का २५० ग्रॅम (साधारण ६०० ग्रॅम सायीच्या दह्याचा)
पिठीसाखर ६० ग्रॅम
हापूस ६ मध्यम: चारांचा रस (५०० ग्रॅम), दोनांच्या फोडी
मारी बिस्किटं ३८-४०
थंड दूध १५० मिली
वेलची पूड पाव चमचा, मीठ चिमूटभर

चक्का आदल्या रात्री. दही मलमलच्या कापडात बांधून फ्रिजमध्येच टांगा. रॅकला गाठ मारायची आणि खाली पातेलं ठेवायचं. मे महिन्यात बाहेर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबट ढाण होतं आणि ते आंब्याशी भांडतं. ८ ते १० तास पुरतात. चक्का बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला पाहिजे. मग साखर घालून पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा. हे टाळलं तर क्रीममध्ये दह्याच्या कण्या दिसतात.

रस दोन भागांत. अर्धा, म्हणजे २५० ग्रॅम, पसरट जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवून १५० ग्रॅमवर आणा. १२ ते १५ मिनिटं लागतात. लोखंडी कढई नको, रंग काळवंडतो. रस फुटून हातावर उडतो, तेव्हा लांब दांड्याचा झारा घ्या. झाऱ्याने तळावर रेघ ओढली की दोन सेकंद ती मिटता कामा नये. पूर्ण गार झाल्यावर त्यात उरलेला २५० ग्रॅम कच्चा रस आणि मीठ घाला. आटवलेला भाग दाटपणा देतो, कच्चा भाग वास राखतो. सगळाच रस आटवलात तर चव आंबापोळीकडे झुकते. तीही चांगलीच, पण तो वेगळा पदार्थ.

क्रीम फेटताना भांडं, बीटरची पाती आणि क्रीम, तिन्ही थंड हवीत. मध्यम वेगावर ४-५ मिनिटं. पाती उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा. मग चक्का तीन वेळा थोडा थोडा घालून वेलचीसकट स्पॅट्युलाने खालून वर घोळवा. बीटर पुन्हा लावू नका.

थर: तळाला दोन चमचे क्रीम पसरा, बिस्किटं सरकत नाहीत. ३ × ३ अशी नऊ बिस्किटं बसतात, फटींत तीन-चार मोडून घाला. त्यावर एक तृतीयांश क्रीम, त्यावर २०० ग्रॅम रस. पुन्हा बिस्किटं, क्रीम, उरलेला रस. पुन्हा बिस्किटं आणि वर उरलेलं क्रीम. बिस्किट दुधात 'एक' म्हणेपर्यंत बुडवायचं. रसावर बसणाऱ्या दोन थरांतली बिस्किटं फक्त वरच्या बाजूने ओली करा आणि कोरडी बाजू रसाकडे ठेवा. रसाचं जास्तीचं पाणी तीच पिते.

झाकून ८ तास. फोडी वाढायच्या वेळी.

---

खाऊगल्लीचा_पत्ता

तालुक्याच्या गावी व्हिपिंग क्रीम मिळत नाही. किराणा दुकानात टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम आहे, त्यावर २५ टक्के फॅट लिहिलंय. तेच जास्त वेळ फेटलं तर?

---

लोणकढी

तासभर फेटलंत तरी टोकं उभी राहणार नाहीत. फेटताना फॅटचे थेंब एकमेकांना अर्धवट चिकटून हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं विणतात. त्यासाठी साधारण ३० टक्के फॅट तरी लागतं. २५ टक्क्यांत फेस येतो आणि थोड्या वेळाने बसतो.

तर फेटायचंच नाही. २०० मिली फ्रेश क्रीम रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. न हलवता उघडून वरचा दाट भाग घ्या, खालचं पातळ भाजीत जाऊ द्या. ते ४५० ग्रॅम चक्क्यात ७० ग्रॅम पिठीसाखरेसह हाताने मिसळा. इथे दाटपणा सगळा चक्क्याचा. मिश्रण कमी होतं, म्हणून भांडं १८ सेमीचं घ्या आणि बिस्किटांचे दोनच थर लावा. लागतं ते आम्रखंडाच्या जवळचं, हलकं फुललेलं नाही. पण कापतं छान, आणि खरं सांगायचं तर पंगतीत हेच आधी संपतं.

---

दोनवाटीसाखर

घरच्या दुधाची साय वापरली तर चालेल ना? म्हशीचं दूध आहे, साय जाड येते.

---

ताकभात

चालेल, पण तिला क्रीम समजू नका. दूध तापवल्यावर आलेल्या सायीत फॅटबरोबर गोठलेलं प्रथिनही असतं. बीटर लावला की ती फुगायच्या ऐवजी लोण्याकडे पळते. ताजी, एक-दोन दिवसांचीच साय घ्या, साखर घालून चमच्याने घोटा आणि चक्क्यात मिसळा. लोण्यासाठी आठवडाभर साठवलेली साय इथे नको, तिचा आंबूस वास थंड पदार्थातही लपत नाही.

---

वऱ्हाडी_झटका

नागपुरात सध्या पारा ४४ वर आहे. क्रीम फ्रिजमधून काढून पाच मिनिटांत कोमट. फेटावं कसं, ते सांगा.

---

लोणकढी

क्रीम ४ ते ७ अंशांवर असेल तरच फेटलं जातं. १० च्या वर गेलं की फॅट मऊ पडतं आणि जाळं धरत नाही. स्टीलचं उंच, अरुंद पातेलं आणि पाती अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. क्रीम फ्रिजच्या दारात नको, तिथे सगळ्यात जास्त ऊब असते. मागच्या बाजूला आतल्या फळीवर ठेवा. मोठ्या परातीत बर्फ आणि पेलाभर पाणी घालून त्यात पातेलं बसवा. नुसता बर्फ नको, पाण्यामुळे गारवा सगळीकडून लागतो. ४०० मिली एकदम न घेता दोनदा दोनशे फेटा, पहिला भाग लगेच फ्रिजमध्ये. आणि हे काम सकाळी सहाला उरकलेलं बरं.

मिक्सरच्या भांड्यात मात्र करू नका. पातं गरम होतं, आणि क्रीम कधी झालं नि लोणी कधी निघालं ते कळत नाही.

---

ताकभात

लोणी निघायच्या आधीची खूण: क्रीमची चकाकी जाते, रंग किंचित पिवळसर होतो आणि कडेला रवाळ दिसू लागतं. तिथेच थांबलात तर वाचवता येतं. न फेटलेलं थंड क्रीम दोन-तीन मोठे चमचे घालून हाताने हळूच घोळवा. पाणी वेगळं झालं असेल तर नाद सोडा, लोणी धुऊन तूप कढवा.

---

दूरचा_डोंगर

परदेशातल्या लोकांसाठी भर घालतो, कारण क्रीमची नावं देशागणिक बदलतात. अमेरिकेत हेवी क्रीम घ्या, त्यात किमान ३६ टक्के फॅट असतं, मूळ कृती जशीच्या तशी चालते. ब्रिटनमधलं डबल क्रीम ४८ टक्क्यांचं. ते मिनिटा-दोन मिनिटांत रवाळ होतं, म्हणून ३०० मिलीला ७५ मिली थंड दूध घालून फेटा. फॅट ३८-३९ टक्क्यांवर येतं आणि ही कृती मजेत निभावते. सिंगल क्रीम १८ टक्के, फेटायला निरुपयोगी. ऑस्ट्रेलियातलं थिकन्ड क्रीम सुमारे ३५ टक्क्यांचं असतं, पण त्यात बऱ्याचदा जिलेटिन असतं. शाकाहारी पाहुणे असतील तर लेबल वाचा.

डब्यातला हापूस रस (८५० ग्रॅमचा डबा) बहुतेक वेळा साखर घातलेला असतो. तो असेल तर क्रीममधली साखर ६० वरून २० ग्रॅमवर आणा. आटवणं मात्र चुकत नाही, डब्यातला रसही पातळच असतो.

---

पळसाचंपान

आटवण्यापेक्षा चायना ग्रास घातलं की काम सोपं होत नाही का? आरशासारखा थर येतो.

---

ताकभात

येतो. पण चायना ग्रास (अगर) ८५ अंशांच्या आसपास वितळतं, तोंडात ते वितळत नाही. प्रमाण जरा वाढलं की क्रीमच्या मऊ थरात मध्येच जेलीचा तुकडा चावल्यासारखं होतं. म्हणून मधल्या थरांत नको, फक्त सगळ्यात वर घाला.

३०० ग्रॅम रसाला २ ग्रॅम पावडर, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि १०० मिली पाणी. पावडर पाण्यात भिजवून दोन मिनिटं खळखळून उकळा. रसात घालून उकळू नका, आंबटपणात उकळल्याने अगरची पकड सैल होते. काड्या असतील तर कात्रीने बारीक कापून अर्धा तास भिजवा आणि एकही दोरा दिसेनासा होईपर्यंत उकळा.

लोक चुकतात ते इथे: रस फ्रिजमधून काढलेला असतो. ८ अंशांच्या ३०० ग्रॅम रसात उकळतं १०० मिली पाणी पडलं की मिश्रण ३० अंशांवर येतं. अगर ३५ ते ४० अंशांतच गोठतं, म्हणजे ढवळता ढवळताच गुठळ्या. रस खोलीच्या तापमानाचा, ३० अंशांचा असेल तर मिश्रण ४५-४६ वर राहतं आणि ओतायला दोन-तीन मिनिटं मिळतात. खालचं क्रीम आधी तासभर गार करून घट्ट करा आणि रस पळीच्या पाठीवरून हळू सोडा. थेट धार धरलीत तर क्रीममध्ये खड्डा पडतो.

---

दोनवाटीसाखर

हाच प्रकार अननसाचा करायचाय. आणि किवीच्या चकत्या वर.

---

लोणकढी

कच्चा अननस आणि किवी दुधाच्या पदार्थात घालू नका. अननसातलं ब्रोमेलिन आणि किवीतलं अ‍ॅक्टिनिडिन दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतात. दोन-तीन तासांत क्रीम कडू लागायला लागतं, चक्का पातळ होतो. जिलेटिन तर धरतच नाही. (अगरला फरक पडत नाही, ते प्रथिन नाही.) पपई आणि ताजं अंजीर यांच्यातही तसलीच पाचकं आहेत. अननसाचे तुकडे थोड्या साखरेत ५ मिनिटं उकळले की पाचक निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो. किवी ज्याच्या त्याच्या वाटीत, खाताना.

सीताफळाचं नेमकं उलटं. ते गरम करायचंच नाही, तापवलं की गर कडवट होतो. गर कच्चाच चाळणीवर हाताने चोळून काढा. मिक्सरला लावायचा असेल तर थांबत थांबत, बी फुटता कामा नये. गर मुळात दाट असल्याने आटवायची गरजच नसते.

---

खाऊगल्लीचा_पत्ता

स्ट्रॉबेरीचं पण सांगा, महाबळेश्वरची येते तेव्हा उपयोगी पडेल. दर वेळी तळाशी लाल पाणी साचतं.

---

लोणकढी

साखर लागली की स्ट्रॉबेरी पाणी सोडणारच. मग ते आधीच काढून घ्या. ५०० ग्रॅम स्ट्रॉबेरी देठासकट धुवा, कोरड्या करा, मग देठ काढा. आधी देठ काढून धुतलं तर पाणी आत शिरतं. चिरून ४० ग्रॅम साखर लावून अर्धा तास चाळणीत ठेवा. खाली गोळा झालेल्या पाकात दुधाऐवजी बिस्किटं बुडवा. फोडी कागदावर टिपून मग थरात. कलिंगड, संत्रं या वाटेला जाऊच नये. डाळिंबाचे दाणे आणि अख्खी द्राक्षं बिनधोक.

---

कोकणकडा

आंब्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. हापूस कापल्यावर कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा भाग दिसला तर तो साका. बाहेरून कळत नाही. तेवढा भाग कापून टाका. रसात गेला तर आंबट, बेचव लागतो, आणि आटवलात तर जास्तच. पायरीचा रस गोड पण पातळ, तो २५० ग्रॅमऐवजी ३५० ग्रॅम घेऊन १५० वर आणावा लागेल. केसर चालतो. दोऱ्यांचा रायवळ असेल तर रस गाळूनच घ्या. फोडींसाठी मात्र जरा घट्ट फळ ठेवा. पूर्ण उतरलेल्या आंब्याच्या फोडी तासाभरात घसरतात.

---

पळसाचंपान

मारीऐवजी ग्लुकोज बिस्किटं? आणि कंडेन्स्ड मिल्क कोणीच का घेत नाहीये? फिलिपिन्समधल्या मँगो फ्लोटमध्ये क्रीमला तेच घालतात.

---

दूरचा_डोंगर

मँगो फ्लोटमध्ये ग्रॅहम क्रॅकर (गव्हाची बिस्किटं) असतात आणि ते भिजवत नाहीत. रात्रभरात क्रीममधलं पाणी घेऊन ते आपोआप मऊ होतात. मारी न बुडवता तसं करता येतं, फक्त ८ ऐवजी १२ तास द्या. ग्लुकोज बिस्किट दुधात पडताच विरघळतं, तेव्हा ते मुळीच बुडवू नका.

कंडेन्स्ड मिल्कने क्रीम सैल होतं. फेटलेल्या ४०० मिलीला १०० ग्रॅमच्या पुढे जाऊ नका, आणि मग पिठीसाखर शून्य. माझं मत विचाराल तर हापूसला त्याची गरजच नाही. शिजवलेल्या दुधाची चव आंब्यावर बसते.

---

वऱ्हाडी_झटका

मधला एक थर कस्टर्डचा केला तर दुसऱ्या दिवशी तो पातळ होतो. पावडर पाकिटावर लिहिल्याप्रमाणेच घातली आहे.

---

ताकभात

दोन कारणं. एक, कस्टर्ड दाट दिसलं की लोक गॅस बंद करतात. बुडबुडे आल्यावर ढवळत पूर्ण एक मिनिट शिजू द्या. दुसरं कारण ऐकायला गमतीशीर वाटेल: उष्टा चमचा. चव बघितलेलाच चमचा पुन्हा ढवळायला घातला की लाळेतलं अमायलेज स्टार्च तोडत बसतं, आणि सकाळपर्यंत कस्टर्डचं दूध होतं. आजीचा नियम इथे रसायनशास्त्रालाही मान्य आहे.

थरासाठी ५०० मिली दुधाला सपाट ४ मोठे चमचे पावडर घ्या, पिण्याच्या कस्टर्डपेक्षा दाट हवं. गार होताना प्लॅस्टिकची फिल्म थेट पृष्ठभागावर चिकटवा, साय धरत नाही. कोमट कस्टर्डवर क्रीम घालायचं नाही.

---

दोनवाटीसाखर

केकवाल्यांचं ते गोठवलेलं व्हिप टॉपिंग उन्हाळ्यात बरं ना? ते वितळत नाही म्हणतात.

---

कोकणकडा

टिकतं, कारण ते दुधाचं नसून वनस्पती तेलाचं असतं. म्हणूनच टाळूला मेणासारखा थर राहतो. वापरायचंच तर फ्रीझरमधून काढून रात्रभर फ्रिजमध्ये उतरवा, थोडे बर्फाचे कण असतानाच फेटा, आणि साखर घालू नका, ते गोडच येतं. फुगून जवळजवळ तिप्पट होतं, म्हणून ४०० मिलीपेक्षा कमी पुरतं. एकदा उतरवलेलं परत गोठवायचं नाही. निम्मं टॉपिंग, निम्मं खरं क्रीम ही तडजोड मंडपातल्या जेवणाला ठीक. घरी चार तास बाहेर कोण ठेवतंय?

---

खाऊगल्लीचा_पत्ता

वड्या स्वच्छ कशा काढायच्या? पहिली तर कायम मोडते.

---

लोणकढी

पहिली मोडणारच, ती करणाऱ्याची. कापायच्या आधी भांडं ३० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. लांब पातळ सुरी गरम पाण्यात बुडवून पुसा आणि सरळ खाली दाबा, करवतीसारखी ओढू नका. प्रत्येक कापाला सुरी पुन्हा पुसायची. उचलायला पसरट उलथनं. ही भानगड नको असेल तर १५० मिलीच्या काचेच्या पेल्यांत थर लावा. बिस्किट गोल कापत बसू नका, चुरून घाला आणि वर दुधाचा एकच चमचा शिंपडा.

भांड्यावर घट्ट झाकण हवं. क्रीम वास फार पटकन धरतं, आणि आंब्याच्या पुडिंगला लसणाच्या चटणीचा वास आला की काही उपाय नाही. फ्रिजमध्ये दोन दिवस. बाहेर टेबलावर मे महिन्यात अर्धा तास. दुपारी दिवे दोन-तीन तास जाणार असतील तर फ्रिज उघडू नका आणि भांडं सगळ्यात मागे ढकला.

---

वऱ्हाडी_झटका

उरलेलं फ्रीझरमध्ये टाकलं तर?

---

ताकभात

टाका, पण मग ते गोठलेलंच खायचं. वड्या सुट्या करून डब्यात, खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर. पूर्ण वितळू दिलंत तर रसातले बर्फाचे कण पाणी होऊन बिस्किटात उतरतात. अगरचा वरचा थर असेल तर तो गोठवूच नका, वितळताना स्पंज पिळल्यासारखं पाणी सोडतो.